सगळी सील बदलली, तरी ऑइल गळतंय

मंडळी, गॅरेजच्या बाकावर बसून लिहितेय.

आमची गाडी अठरा वर्षांची आहे. बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला तिच्यातूनच नेते, कारण रिक्षात त्यांना पाय दुमडता येत नाहीत. दोन महिन्यांत तीन मेकॅनिकांकडून इंजिनाची पॅकिंग आणि ऑइल अडवणारी सील सगळी बदलून झाली. तरी रोज सकाळी गाडीखाली ऑइल सांडलेलं असतं.

आज डायलिसिसला जाताना बिबवेवाडीत बॉनेटमधून धूर आला. ऑइल इंजिनाजवळच्या तापलेल्या सायलेन्सर पाइपवर गळत होतं.

बाबा शांतपणे म्हणाले, "राहू दे आज. एक दिवस नाही गेलो तर काय होतंय."

त्यांचे सुजलेले पाय बघून मला भर रस्त्यात रडू आलं. मागच्या गाडीतल्या एका काकांनी आम्हाला सेंटरवर सोडलं. बाबांना मशीन लावल्यावर मी परत येऊन रस्त्यावरच्या लोकांच्या मदतीने गाडी ढकलत जवळच्या गॅरेजमध्ये आणली.

इथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी एक नळी काढून दाखवली. "ताई, इंजिनातला दाब हिच्यातून बाहेर पडतो. ही काजळीने बुजलीये. मग तो दाब ऑइलला सीलमधून ढकलणारच."

"आधीच्या तिघांनी हे बघितलं का नाही?"

"सील बदलायला डोकं लागत नाही."

नळी साफ करून त्यांनी इंजिन चालू ठेवलंय, खाली पुठ्ठा ठेवलाय. वीस मिनिटं झाली, पुठ्ठा कोरडा आहे. पण माझा आता कशावरच विश्वास बसत नाही.

कुणाच्या जुन्या गाडीची गळती अशी थांबली आहे का? धीर देऊ नका, खरं सांगा. परवा सकाळी बाबांना परत न्यायचंय.