कोपरा फाटलेलं कार्ड

मयतीचं कार्ड आमच्याकडे कोपरा फाडून टाकायची रीत होती. लिहिणाऱ्यानेच पोस्टात टाकण्याआधी कार्डाचा कोपरा चिमटीएवढा फाडायचा, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही हातात पडताच कळावं. घेणाऱ्याने ते उंबऱ्याबाहेर उभ्यानेच वाचून घ्यायचं, तिथंच फाडून नालीत टाकायचं आणि अंगावर पाणी घेऊन मगच घरात पाऊल ठेवायचं. धर्म बदलला त्या साली बाने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नळगंगेत सोडले आणि मागे वळूनही पाहिलं नाही. देव गेले, उपासतापास गेले, पण हा कोपरा तेवढा राहिला. झाड उपटलं तरी एखादं मूळ जमिनीत राहतंच.

देव्हारा निघाला तिथं भिंतीवर काजळीचा एक चौकोनी डाग उरला होता. माझ्या मोठ्या भावाने (आम्ही त्याला भाऊच म्हणत असू) त्या डागावर एक तिकीट चिकटवलं. सिलोनचं तिकीट, त्यावर ध्यानाला बसलेला बुद्ध. अंगठ्याच्या नखाएवढा बुद्ध आणि केवढी मोठी भिंत! माय म्हणाली, "दिसते तरी का रे हा कोणाले?" भाऊ म्हणाला, "जवळ येऊन पाहा लागते."

भाऊ मॅट्रिक झालेला होता. मलकापुरात मॅट्रिक झालेल्या आमच्या वस्तीतल्या पोराला कोणी खुर्ची देणार नव्हतं, म्हणून तो बाबरोबर जिनिंगात जाऊ लागला. दिवसभर सरकी आणि रुईच्या धुरळ्यात उभा राहायचा, घरी यायचा तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या. पण शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांनी त्याला एका मासिकातला पत्ता दिला होता. सिलोनमधल्या एका शाळामास्तराला भारतातल्या कोणाशी तरी तिकिटांची अदलाबदल करायची होती. भावाने भीतभीत कार्ड टाकलं, आणि उत्तर आलं. उत्तराची सुरुवात होती, "माय डिअर ब्रदर."

हे दोन शब्द भावाने किती वेळा वाचले असतील ते मी सांगू शकणार नाही. ज्या गावात चहाच्या हॉटेलात आमची कपबशी वेगळी ठेवलेली असायची आणि पोस्टमन कार्ड हातात न देता लांबूनच ओट्यावर फेकायचा, त्या गावात समुद्रापलीकडून कोणी तरी त्याला ब्रदर म्हणत होता.

मग घरात तिकिटांचा धंदाच सुरू झाला. अडत्यांच्या पेढ्यांमागे फेकलेली पाकिटं भाऊ गोळा करून आणायचा. तिकिटाभोवतीचा कागद कापायचा, मायच्या परातीत पाणी घालून त्यात ते भिजत टाकायचा, सुटलेली तिकिटं जुन्या पेपरवर वाळवायचा आणि जात्याखाली दाबून सरळ करायचा. माय कडाडायची, "परातीत टिकिटं धुवाले ठेवली, अन् भाकरी काय तुया डोक्यावर थापू?" तो हसायचा आणि हळूच एकेक तिकीट उचलायचा. जाड खाकी कागद शिवून त्याने एक चोपडी केली होती. उजव्या पानावर सिलोन, ब्रह्मदेश, जपान. डाव्या पानावर काही नाही, कारण समोरासमोर तिकिटं ठेवली तर एकमेकांत अडकून फाटतात. मला चोपडीला हात लावायची मुभा नव्हती. मी लावायचीच, ते सोडा.

सिलोनचे मास्तर दर हिवाळ्यात यात्रेकरूंना घेऊन हिंदुस्थानात येत. अजिंठा पाहायचं, जळगावला गाडीत बसायचं आणि नागपूरवरून पुढे सारनाथला जायचं. म्हणजे त्यांची गाडी मलकापुरावरूनच जाणार! हे कळल्यापासून भावाला दुसरं काही सुचेना. मास्तरांनी लिहिलं, दिवस नक्की झाला की कळवतो. बस, भावाला एवढंच हवं होतं. गाडी थांबेल तेवढा वेळ त्या माणसाला डोळ्यांनी पाहायचं. त्याने पांढरा सदरा धुऊन, घडी करून, उशीखाली ठेवला.

ते कार्ड आलं तेव्हा घरात माय एकटी होती. पोस्टमनने नेहमीसारखं ओट्यावर फेकलं. वाटेत कुठे तरी, कुठल्या देशात देव जाणे, कोणी तरी त्या कार्डावरचं तिकीट कोपऱ्यासकट फाडून घेतलं होतं. मायला अक्षर ओळखू येत नव्हतं. तिला फक्त कोपरा दिसला. तिचा बाप, म्हणजे माझा आजा, रोहिणखेडला आठवडाभर तापाने पडून होता आणि ती रोज त्याच बातमीची धास्ती घेऊन बसली होती. वाचून घ्यायची गरजच तिला वाटली नाही. तिने कार्डाचे तुकडे करून नालीत टाकले, नेसत्या लुगड्यावर पाणी ओतलं आणि शेजारणीला सांगून रडतच रोहिणखेडची वाट धरली.

गावाच्या वेशीपासूनच तिने हंबरडा फोडला. वेशीवरच्या दोन-चार बाया, काय झालं ते न विचारताच, तिच्या गळ्यात पडून रडू लागल्या. सगळा घोळका आजाच्या दारात गेला. आजा ओट्यावर गोधडी पांघरून बिडी ओढत बसला होता. म्हणाला, "कोन मेलं वं?"

पुढे कितीतरी दिवस गाव हसलं. खोट्या मयतीने माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात, म्हणून आजाने मायला दोन दिवस ठेवून घेतलं आणि गोडाचं करून घातलं. ती घरी आली तेव्हा आम्हीही हसलो. ते कार्ड मग होतं कोणाचं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि ती दोन दिवस रोहिणखेडला गोड खात होती तेवढ्यात गाडी मलकापुरावरून निघून गेली होती.

कळलं ते नंतर आलेल्या पाकिटाने. भाऊ नेहमीप्रमाणे वाचत वाचत आम्हाला मराठीत सांगत होता. "कार्डात लिहिल्याप्रमाणे मी हातात पिवळा रुमाल धरून दारात उभा होतो. गाडी सुटेपर्यंत तुझं नाव घेऊन हाका मारल्या." भाऊ थांबला. माय चुलीपाशी होती. तिने विचारलं, "कोनतं कार्ड?" आणि विचारता विचारताच तिला उमगलं. तिच्या हातातली भाकर तव्यावर करपली तरी ती उलटेना.

भाऊ तिच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "ज्यानं कोपरा फाडला त्याच्यापाशी नसंन ते टिकिट." मग उशीखालचा सदरा त्याने खुंटीला टांगला. त्या रात्री तो जेवला नाही. मास्तरांना त्याने लिहिलं की कार्ड पोचलं नाही, पुढच्या हिवाळ्यात नक्की भेटू. कोपऱ्याची रीत इंग्रजीत कशी सांगायची ते त्याला जमलं नाही.

पुढचा हिवाळा त्याला दिसला नाही. खोकला आधीपासून होताच. जिनिंगात सगळेच खोकतात म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. उन्हाळ्यात थुंकीत रक्त दिसू लागलं, आणि दसऱ्याआधीच, नव्या कापसाच्या गाड्या गावात येण्याच्या सुमारास, तो गेला. अखेरच्या दिवसांत तो मला विचारायचा, "थंडी सुरू झाली का वं?" मी म्हणायची, झाली. घामाने माझं पोलकं पाठीला चिकटलेलं असायचं.

माय एका गोष्टीवरून हटेना. म्हणायची, "बुढ्याचं आयुष्य वाढलं, ते कोनाचं तरी घटलंच असंन ना." धर्म बदललेल्या घरात असं बोलायचं नाही म्हणून बा तिला रागवायचा. पण रागवून कोणाचं मन धुतलं जातं का?

मयतीची कार्डं बाने वस्तीतल्या एका लिहित्या माणसाकडून लिहून घेतली, सगळी सारखी, मराठीतच. पत्ते मी घातले. भावाच्या चोपडीच्या पुठ्ठ्यावर सिलोनचा पत्ता होता. बा म्हणाला, "त्या मास्तरालेही टाक. तोही भाऊच म्हने त्याले." जास्तीचं तिकीट डकवलं. मग बाने एकेका कार्डाचा कोपरा स्वतःच्या हाताने फाडला. सिलोनच्या कार्डाचाही.

थंडी पडल्यावर उत्तर आलं, भावाच्या नावाने. मी ते शाळेत इंग्रजीच्या मास्तरांकडे नेलं. ते वाचू लागले आणि मध्येच चष्मा काढून बसले. सिलोनच्या मास्तरांनी लिहिलं होतं: "तू या वेळी तुझ्या भाषेत लिहिलंस, मला फार आनंद झाला. वाचता येत नाही, पण अक्षरं सुंदर आहेत, मी ते कार्ड टेबलावर लावून ठेवलं आहे. वाटेत कोणी कोपरा कुरतडला आहे, पण सुदैवाने तिकीट वाचलं. तुझ्याकडे नसलेलं निळं तिकीट सोबत पाठवतो. या वर्षी दिवस पाकिटातून कळवतो आहे, चुकू नकोस."

आमच्या घरची मयत त्या माणसाने टेबलावर सजवून ठेवली होती.

शाळेतल्या मास्तरांनी इंग्रजीत नीट एक चिठ्ठी लिहून दिली, तुमचा मित्र वारला म्हणून. हंगाम चालू होता, बाला जिनिंगातून सुटी मिळेना, म्हणून माय आणि मी स्टेशनवर गेलो. मायच्या कमरेला ती चिठ्ठी, हातात खाकी चोपडी.

गाडी आली. एका डब्याच्या दारात पिवळा रुमाल हलत होता. रुमाल धरणारा माणूस बारीक, काळासावळा, पांढरे कपडे घातलेला, अगदी आमच्या वस्तीतलाच कोणी वाटावा असा. तो भावाचं नाव घेऊन हाका मारत होता. तो गेल्यापासून त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. माय जागच्या जागी थिजली. मी तिला ओढत दारापाशी नेलं आणि भावाचं नाव घेऊन मायकडे बोट केलं. मास्तर खाली उतरले. "मदर?" त्यांनी विचारलं आणि वाकून मायला हात जोडले. स्टेशनभर लोक होते, आणि एक माणूस माझ्या मायपुढे वाकला होता.

त्यांनी कागदात जपून ठेवलेलं पिंपळाचं एक वाळलेलं पान मायच्या हातात दिलं. मग इकडेतिकडे पाहत खुणेने विचारलं, तो कुठे आहे? मायचा हात कमरेला गेला. चिठ्ठीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. ती मला म्हणाली, "सांग त्याह्यले. कामाले गेला म्हनावं."

मी तिच्या कमरेच्या चिठ्ठीकडे बोट केलं.

"सांग ना वं!"

"वर्क," मी म्हणाले.

"आ, वर्क! वर्क!" मास्तर खुशीने मान हलवू लागले. मायने खाकी चोपडी त्यांच्या हातात ठेवली. ती भावानेच पाठवली असं त्यांना वाटलं. शिट्टी झाली, ते चढले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत रुमाल हलवत राहिले.

स्टेशनबाहेर आल्यावर मायने कमरेची चिठ्ठी काढली, बारीक तुकडे केले आणि नालीत टाकले. मी भडकले. "काऊन नाही सांगतलं? तो बिचारा वाट पाहत राहीन!" ती म्हणाली, "एक डाव माया हातानं मारलं त्याले. आता तिकडं जिता आहे, तं राहू दे." घरी पोचल्यावर आत जाण्याआधी तिने अंगावर पाणी घेतलं. भर थंडीत, लुगड्यासकट.

मला तिचा राग आला होता, आजही येतो. त्या भल्या माणसाची कार्डं पुढे येत राहिली आणि आम्ही एकाचंही उत्तर दिलं नाही. दर खेपेला मजकूर कमी होत गेला. शेवटचं कार्ड मी स्वतः वाचलं, तेवढं इंग्रजी तोवर मला येऊ लागलं होतं. "माय डिअर ब्रदर, तू आता मोठा साहेब झाला असशील. म्हाताऱ्या मास्तराला लिहायला तुला वेळ होत नसेल."

"काय म्हनते?" मायने विचारलं. मी सांगितलं. तिने कार्ड हातात घेऊन त्याचे चारही कोपरे बोटाने चाचपले. धड होते. मग ते भिंतीवरच्या बुद्धाच्या तिकिटाखालच्या भेगेत खोचलं.

"साहेब झाला म्हनते माहा पोरगा," ती म्हणाली, आणि परात पुढे ओढून पीठ मळायला बसली.