मोजणीकाकांच्या घरातली शाळा

अरे मोजणीकाका,

हे पत्र वाचून फाडलंस तरी चालेल, पण पुरतं वाच. समोरासमोर बोलायला गेलं की तुला नेमकी तेव्हाच टायरमधली हवा आठवते, म्हणून हा कागद. तुझीच गोष्ट तुला 'तू असं केलंस, तू तसं केलंस' करत ऐकवली तर दुसऱ्या पानावर आपलं भांडण होईल. तेव्हा तुला जरा लांब उभा करते आणि 'तो' म्हणते. मलाही सूट नाही. यात मी 'समोरच्या काकू'.

तर, तो शाळेची बस चालवायचा. बारा वर्षं, एकच रस्ता, अडतीस मुलं. मोजणीकाका हे नाव मुलांनीच ठेवलेलं. चढताना मोजायचा, वाटेत मोजायचा, उतरताना मोजायचा. गाडी रिकामी झाली की पार मागेपर्यंत चालत जाऊन प्रत्येक सीटवर हात फिरवून यायचा. तेही तीनदा. मदतनीस बाई म्हणायची, "अहो, सीट आहेत त्या, म्हशी नव्हेत कुरवाळायला." बाकी सगळे हसायचे, तो नाही.

आणि या माणसाची स्वतःची मुलगी आठ वर्षांची झाली तरी शाळेची पायरी चढली नव्हती.

तिला सगळे भिंगरी म्हणत. ती घरी शिकायची, आणि काही वाईट शिकत नव्हती. सकाळी बाप बसवर, आई औषधाच्या दुकानात काउंटरवर, म्हणून भिंगरी समोरच्या काकूंच्या जेवणाच्या टेबलाशी. काकूंचा जन्म पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेलेला. शिकवण्याचा अनुभव शून्य, पण हौस दांडगी. गळक्या नळाखाली वाटी ठेवून दिवसाला किती पाणी वाया जातं याचं गणित भिंगरी सातव्या वर्षी करत होती. वर्तमानपत्र अख्खं वाचायची, अग्रलेखाला नाक मुरडायची. दुपारी बाप तिला ब्रेक कसा लागतो ते चित्र काढून समजावायचा. हे कुठल्या वर्गात मिळतं, सांगा.

लोकांनी हटकलं की त्याची उत्तरं तयार असत. शाळा म्हणजे साचा. घोकंपट्टी. पाठीवर दप्तराचं ओझं आणि डोक्यात भुसा. बोलायला लागला की समोरच्याला वाटावं, हा बस चालवतो की परिषदा भरवतो! त्यातलं निम्मं खरंही होतं. पण त्याचं खरं कारण ते नव्हतं, आणि खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी बायकोने चहाच्या कपाशेजारी शाळेचा फॉर्म ठेवला. तिसरीत एक जागा होती. गुरुवारी मुलीला दिवसभर वर्गात बसवून बघणार, जमलं तर प्रवेश. आली नाही तर जागा दुसऱ्याला. तिचा भाऊ त्याच शाळेत मास्तर, तोही चहाला होता. म्हणजे सगळं ठरवून चाललेलं.

"भाऊजी, घरी शिकलेलं पोर हुशार होतं हो," मेहुणा म्हणाला, "पण रांगेत धक्का बसला की भोकाड पसरतं."

"धक्के खायला फी भरायची? तुझ्या वर्गात पंचेचाळीस पोरं. माझी शेहेचाळिसावी. तिचं नाव तरी लक्षात राहील तुझ्या?"

"मामा आहे मी तिचा!"

"तिचं सोड. बाकीच्यांची राहतात?"

मेहुण्याने कप खाली ठेवला. "पहिला महिना नाही राहत," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"घ्या! आणि ह्यांच्या ताब्यात द्यायची."

"पुरे झालं," बायको म्हणाली. "दोघांनी शाळा पाहिली आहे, भांडताय तुम्ही. जिने पाहिली नाही तिला विचारलंत?"

भिंगरी दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "मला बाकावर बसायचंय. शेजारी कोणीतरी असतं ना, तशा. समोरच्या आजीच्या टेबलाशी सगळ्यात हुशार पण मीच आणि सगळ्यात ढ पण मीच."

बापाने फॉर्म उलटा करून ठेवला.  बायकोला वाटलं, राग आलाय. राग नव्हता तो.

गुरुवारी भिंगरी त्याच्याच बसमध्ये बसली. एकोणचाळीस. तिने पुढची सीट नाकारून थेट मागची पकडली, एका दोन वेण्यांच्या मुलीशेजारी. तो दर सिग्नलला आरशात बघत होता. पुलापाशी बघितलं तर मागच्या सीटवर कोणीच नव्हतं.

त्याने भर रस्त्यात करकचून ब्रेक मारला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता कल्लोळ केला. तो सीटांना धडकत मागे धावला. भिंगरी आणि ती मुलगी खाली वाकून सीटखाली चाचपडत होत्या.

"बाबा, हिचा खोडरबर पडलाय."

तो ओरडला. काय ओरडला ते त्यालाही आठवत नाही, पण अडतीस मुलं एकदम चिडीचूप झाली आणि पुढची एक चिमुरडी रडायला लागली. मोजणीकाका ओरडतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

शाळेच्या फाटकाशी मुलं उतरली. छत्तीस, सदतीस, अडतीस. भिंगरी पायरीपर्यंत आली आणि त्याने दार बंद केलं. हातानेच केलं, डोक्याला विचारलं नाही.

बाहेरून मदतनीस बाईने काच ठोठावली. "अहो, तुमची राहिली की आत!"

 ते शब्द ऐकून त्याने गियर टाकला आणि बस थेट घरासमोर आणली.

काकूंनी दार उघडलं तेव्हा भिंगरी पाठीवर दप्तर तसंच ठेवून जिन्यात बसली.  तो स्वयंपाकघरात गेला, नळाखाली डोकं धरलं आणि मग सगळं सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

चार वर्षांपूर्वी एकदा मदतनीस बाई रजेवर होती. मुलं उतरली, त्याने आरशात बघितलं, गाडी रिकामी दिसली. डेपोत उन्हात लावली, काचा वर केल्या, निघून गेला. चष्मा गाडीतच राहिला म्हणून पाऊण तासाने परतला. मागच्या सीटवर शिशुवर्गातली एक मुलगी होती. झोपली होती, मग जागी झाली असणार, कारण काचेवर आतून तिच्या हातांचे ठसे होते. अंग भट्टीसारखं तापलेलं, ओठ कोरडे, आवाज बसलेला. त्याने पाणी पाजलं, अंग पुसलं, कडेवर घेऊन वारा घातला. ती सावरल्यावर शाळेत सोडली आणि हिची बस चुकली होती, मागून आणली म्हणून सांगितलं. कोणी विचारलं नाही. मुलगी बोलली नाही.

"तिची आई चौकातली झेरॉक्सवाली, काकू. अजून रोज बस येईपर्यंत उभी असते. म्हणते, काका, तुमच्या गाडीत बसली की मी निर्धास्त. रोज म्हणते हो! चष्मा माझ्या खिशात असता तर..."

 काकूंनी खुर्ची ओढून त्याला बसवलं. 

"म्हणजे साचा, घोकंपट्टी, ओझं, हे सगळं थोतांड?"

"थोतांड नाही. पण..."

"पण आधी भीती आणि मग विचार. मीही काही कमी नाही. ती शाळेत गेली तर या टेबलाशी मी कोणाशी बोलणार, म्हणून दोन वर्षं तुझ्या हो ला हो करत आले. तुझी भीती खरी आहे रे, पण ती शमवायला या पोरीला घरी कशाला बसवतोस? जिच्या मुलीवर बेतलं तिला जाऊन सांग."

"नोकरी जाईल. कदाचित तुरुंग."

"जाईलही. मी येते बरोबर. रविवारी सकाळी दहा वाजता. आणि आत्ता हिला ने."

जिन्यातून आवाज आला, "दुसऱ्या तासाला पोचू शकतो, बाबा."

रिकाम्या बसमध्ये ती पुढच्या सीटवर बसली. फाटकाशी त्याने दार उघडलं. ती उतरली, दहा पावलं गेली आणि मागे न बघता आत नाहीशी झाली. त्याने तरीही मागेपर्यंत जाऊन सगळ्या सीट चाचपल्या. मग शाळा सुटेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. पाणी प्यायला नाही, रेडिओ लावला नाही. शाळेतून कसलाही आरडाओरडा आला की स्टिअरिंग घट्ट धरायचा. ती बाहेर आली ती मोज्यावर चिखल आणि हातात कोणाचा तरी अर्धा खोडरबर घेऊन. जागा तिला मिळाली.

आता पुन्हा 'तू'. त्या रविवारी मी साडेनऊपासून चप्पल घालून बसले होते. दहा वाजले. तुझ्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग दार लागलं. मी उठून तुझी बेल वाजवू शकले असते. चार पावलांचं अंतर. नाही वाजवली. तुझी नोकरी गेली तर भिंगरीचं काय होईल, असं मनाशी म्हणाले, आणि बरं वाटलं मला, याची लाज वाटते. पुढचा रविवार तुझ्या पाहुण्यांनी खाल्ला, त्याच्या पुढचा माझ्या गुडघ्याने. मग आपण दोघंही जिन्यात भेटलो की फक्त भिंगरीच्या अभ्यासाबद्दल बोलायला लागलो.

काल चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात पेन्शनच्या कागदाची प्रत काढायला गेले होते. त्या मुलीच्या आईने दोन प्रती काढल्या आणि विचारलं, "अजून काही, आजी?" मी नाही म्हटलं आणि घरी आले.