मोटारीतला रेडिओ आणि चावडीतली फळी

इतकी वर्षं झाली, पण कर्जत ठाण्याच्या आवारात चिंचेखाली उभी केलेली ती काळी मोटार मी विसरलेले नाही. खरं तर आम्हाला जप्त करायचा होता तिच्यातला रेडिओ. तो शिपायांना काढता आला नाही, म्हणून आम्ही मोटारच जप्त केली.

स्वातंत्र्य मिळून थोडाच काळ झाला होता. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. पोलिसांत बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मुंबईत भरती होऊन मी जमादार म्हणून कर्जतला आले होते. बायकांची झडती, बायकांचे जबाब, आगगाडीत चुकामूक झालेल्या म्हाताऱ्या, घर सोडून आलेल्या मुली, ही माझी कामं. उरलेल्या वेळात ठाणे अंमलदाराशेजारी बसून तक्रारी ऐकायच्या. तक्रार सांगणारा तोंडाने काय सांगतो हे अंमलदार लिहून घेई. तो हातांनी काय करतो हे पाहायची सवय मला तिथे लागली.

दसरा झाला आणि कडावच्या पुढच्या एका गावचे पोलीस पाटील ठाण्यात आले. त्या काळी सरकारने काही गावांना बॅटरीवर चालणारे रेडिओ दिले होते. रेडिओ चावडीत ठेवायचा, संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लावायचा आणि सगळ्या गावाने बसून ऐकायचा, अशी पद्धत. तो रेडिओ चोरीला गेला, असं पाटील सांगत होते. सांगताना फेट्याचं टोक सारखं खोचत होते, जागच्या जागी असलेलं.

फौजदार साहेब जाऊन पंचनामा करून आले. चावडीची कडी उचकटलेली, रेडिओ बॅटरीसकट गायब. सरकारी वस्तू असल्यामुळे मामलेदार कचेरीतून रोज विचारणा होऊ लागली. साहेबांची जेवणाची वेळ चुकू लागली, आणि साहेबांचं जेवण चुकलं की सगळ्या ठाण्याला ते कळत असे.

अशा वेळी खबर आली. आणणारा होता स्टेशनाबाहेरचा एक टांगेवाला.

"सायेब, त्या खालापूरवाल्या ड्रायव्हरच्या मोटारीत रेडिओ वाजतोय. दसऱ्यापासनं. आधी नव्हता."

"त्यात तुझं काय गेलं?" साहेबांनी विचारलं.

"माजं गिऱ्हाईक गेलं. बायामान्सं म्हनतात, गानं वाजतंय त्या गाडीतनं जाऊ. आता माजा घोडा काय गानार हाय?"

खबऱ्याचा हेतू वाईट असला म्हणजे खबर खोटी असते असं नाही. गाडीत रेडिओ होता.

ड्रायव्हर तिशीतला, काटक माणूस. लढाईच्या काळात लष्करी लॉऱ्या चालवून आलेला. परत आल्यावर जुनी मोटार घेऊन कर्जत स्टेशन ते खालापूर भाडी मारायचा. शिपाई रेडिओ काढायला गेले तर एकाने वायर ओढून तोडली आणि पेटी जागची हलेना. शेवटी ड्रायव्हरलाच गाडी चालवत ठाण्यात आणायला लावली.

ओळख पटवायला पाटलांना बोलावलं. त्यांनी गाडीत डोकं घातलं, बाहेर काढलं, आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "ह्योच हाय."

"तुमच्या रेडिओची लाकडी पेटी कुठे गेली मग?" साहेबांनी विचारलं.

"फेकली आसंल. आतलं काढून घेतलं आसंल."

साहेबांना ते पटलं. पेटी उल्हास नदीत गेली आणि आतलं यंत्र मोटारीत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मला एक गोष्ट खटकली. रोज रेडिओ ऐकणारा माणूस ओळख पटवताना आधी म्हणेल, जरा लावून दाखवा. रेडिओ आवाजावरून ओळखतात. पाटलांनी तो लावायलाही सांगितलं नाही.

चौकशीत ड्रायव्हर एकच सांगत राहिला. सेट मुंबईला जुन्या बाजारात घेतला, लष्कराच्या मोडीतला. पावती नाही.

"पावती का नाही?"

"त्या बाजारात पावती मागितली तर दुकानदार हसतो, साहेब."

"मग तो बसवला कुणी? कुठल्या मेकॅनिकने?"

"मीच."

साहेबांचा विश्वास बसेना. मोटारीत रेडिओ ही तेव्हा मुंबईच्या शेठलोकांची चैन. खालापूरच्या भाड्याच्या गाडीत तो कुणी हाताने बसवेल हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. त्यांना टोळी दिसू लागली.

इकडे ड्रायव्हरची पंचाईत मोठी होती. भाड्याची गाडी चालवायचा त्याचा परवाना महिनाअखेर संपत होता. चोरीचं दोषारोपपत्र कोर्टात गेलं असतं तर परवाना नवा होणार नव्हता. मग गाडी आमच्या चिंचेखाली गंजली असती आणि तो कुणाच्या तरी लॉरीवर क्लीनर म्हणून गेला असता. हे तो बोलला नाही. सकाळी ठाण्यात हजेरीला आला की आधी गाडीवरचा चिंचेचा पाला झाडायचा, मग आत यायचा. मला त्यावरून कळलं.

मी साहेबांना म्हटलं, "बसवला म्हणतोय तर पंचांसमोर उतरवून परत बसवू दे. खोटं असेल तर इथेच उघडं पडेल."

"करा, बाई, तुमचं समाधान," साहेब म्हणाले.

ड्रायव्हरने पाना मागितला आणि गाडीत पाठीवर आडवा झाला. रेडिओची पेटी डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टी वाकवून टांगली होती. पट्टी आणि पेटीच्या मध्ये टायरच्या ट्यूबचे तुकडे.

"हे रबर कशाला?" मी विचारलं.

"खालापूरचा रस्ता बघितलाय का, बाई? आतल्या काचेच्या नळ्या एका खड्ड्यात फुटल्या असत्या."

आवाजाचा कर्णा डॅशबोर्डातल्या सामानाच्या कप्प्यात बसवलेला. कप्प्याच्या झाकणाला भोकं पाडून वरून कापड लावलं होतं, चोळीच्या खणाचं. हे बायकोच्या चोळीतून उरलेलं, असं त्याने न विचारता सांगितलं. हवेतला आवाज पकडायची तार फूटबोर्डाखालून मागपर्यंत नेली होती.

"आणि इंजिनाचा आवाज? तो नाही येत त्यात?"

तो पहिल्यांदाच हसला. "बाई, रेडिओ बसवणं अर्धं काम. गाडी चालू केली की त्यात नुसती किरकिर. माणूस बोलतोय का ज्वारी भाजतायत ते कळायचं नाही. ती किरकिर मारायला माझा सगळा पावसाळा गेला. एकेक वायर गुंडाळत बसलो."

"मग टांगेवाला दसऱ्यापासून म्हणतो ते?"

"लावला दसऱ्यालाच. आवाज स्वच्छ झाला होता आधीच, पण बायको म्हणाली मुहूर्तावर लावा. गाडीची पूजा केली आणि लावला."

पट्टीचे स्क्रू मी पंचांना दाखवले. त्यांच्यावर पावसाळ्याचा गंज होता आणि खाचांत वाळका चिखल. दसऱ्यानंतर घातलेले स्क्रू असे दिसत नाहीत. ड्रायव्हरने पेटी उतरवून होती तशी परत टांगली. साहेबांनी ते सगळं पाहिलं आणि म्हणाले, "पट्टी जुनी, पेटी नवी. आणि बसवता येतं हे तुम्हीच सिद्ध केलंत. म्हणजे चोरायचं कारणही मिळालं."

पोलिसाचं डोकं असंही चालतं. माणसाला काम येत नसेल तर तो खोटारडा, येत असेल तर चोर.

गावातल्या बायकांचे जबाब अजून घ्यायचे होते. त्या निमित्ताने मी गावात गेले. आधी चावडी उघडून घेतली. पंचनाम्यात कडीचं वर्णन पानभर होतं. रेडिओ ज्या फळीवर असायचा तिच्याबद्दल एवढंच, की फळी रिकामी. मी फळीपाशी उभी राहिले. फळीवर मुंग्यांची रांग लागली होती. भिंतीच्या फटीतून यायच्या, फळीच्या मधोमध जमायच्या, परत जायच्या. बोट फिरवलं तर फळी चिकट, आणि वास आंबट दह्याचा.

चावडीत कुणी जेवत नाही. रेडिओ तर अजिबात जेवत नाही.

तिथून मी खळ्यावर गेले. नवं भात कापून आणायला सुरुवात झाली होती. बायका झोडणीला लागल्या होत्या आणि एक म्हातारी बाजूला बसून कणगीला लावायला शेण कालवत होती. मी गणवेशाच्या साडीचा पदर खोचून तिच्याजवळ बसले. गणवेशातल्या बाईने चौकशी केली की बायका गप्प होतात. कामाला हात लावला की बोलतात.

"आजी, खंडेनवमीला गावात कशाकशाची पूजा केली?"

"सगल्याची. इलं, कोयतं, नांगर."

"आणि रेडिओची?"

झोडणीचा आवाज थांबला. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, मग त्या बायांकडे.

"घ्या. मी म्हनत व्हते ना गं, बाईमानूस आली की तिला कलंल," ती म्हणाली. "पुजला. त्यात देवाचं अभंग वाजतात, मुंबैचा मानूस बोलतो. त्याला कोरडंच हलद-कुंकू लावायचं व्हय? पंचामृत घातलं."

"वरून?"

"वरनं नाय तर काय खालनं? देवाला कसं घालतात?"

"चालू होता?"

"चालू व्हता. चर्र बोलला, जलका वास आला, नि गप झाला. पाटील लई बोलला आमाला."

आता सगळ्याच बोलू लागल्या. सरकारी वस्तू आपल्या हातून मेली, आता सगळ्या गावाला बेड्या पडणार, असं त्यांनी धरलं होतं. गावकरी बसले आणि ठरलं, चोरी झाली म्हणायचं. चोर सापडणारच नाही, कारण चोर नाहीच. मग कर्जतला खरोखरच एक चोर सापडला. तिथे त्यांची वाचा बसली.

"आहे कुठे तो?"

म्हातारीने शेणाच्या हाताने घराकडे दाखवलं. "आमच्याच कनगीत हाय. आता भात भरायचं तर त्याला कुटं ठेवायचं, त्योच घोर लागलाय. तू घिऊन जा, बाय, म्हंजे कनगी मोकली व्हईल."

पाटलांना बोलावलं. पंचांसमोर कणगीतून रेडिओ काढला. लाकडी पेटी शाबूत, जाळीच्या कापडावर साखर आणि हळद. पाटील फेट्याचं टोक खोचायलाही विसरले.

"बाईसायेब, माज्यावर घ्या सगलं. बायान्ला नको."

"ते साहेब ठरवतील. पण त्या ड्रायव्हरला तुम्ही 'ह्योच हाय' म्हणालात, तेव्हा काय वाटलं?"

त्यांनी खाली वाकून रेडिओ स्वतः उचलला आणि चावडीपर्यंत नेला.

साहेब सगळ्या गावावर खोट्या फिर्यादीचा खटला भरायला निघाले होते. मी त्यांना जेवून घ्या म्हटलं. जेवणानंतर ते म्हणाले, पंचामृताने रेडिओ मेला असं कोर्टात वाचून दाखवताना हसायला कोण कोण येईल ते मला दिसतंय. मामलेदारांना खरा अहवाल गेला. पाटलांना वरून ठपका आला आणि तो त्यांनी निमूट घेतला. ड्रायव्हरवरचा गुन्हा निकाली निघाला आणि परवान्यासाठी साहेबांनी स्वतः तसं लिहून दिलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण मी पाटलांना सांगितलं, "ठाण्यात माफी नको. ज्या स्टेशनाबाहेर तो चोर ठरला, तिथे येऊन सांगा."

ते आले. टांगेवाले, हमाल, चहावाला, सगळे होते. पाटील ड्रायव्हरसमोर उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "ह्येच्या मोटारीतला रेडिओ आमचा नाय. आमचा आमीच पंचामृत घालून मारला. ह्यो मानूस चोर नाय."

"मग पाटील, आता मोटारीतनं चला," खबर देणारा टांगेवाला म्हणाला. "माज्या घोड्याला पंचामृत घातलंत तर मी काय करू?"

पाटलांसकट सगळे हसले. ड्रायव्हर हसला, पण थोडा उशिराने.

पुढे नोकरीत मी पुष्कळ चोऱ्या पाहिल्या. माणूस लोभापायी खोटं बोलतो तेव्हा त्याला पकडणं सोपं असतं; लोभ कुठे ना कुठे दिसतो. सरकारच्या भीतीने सगळं गाव खोटं बोललं की त्यात एकही वाईट माणूस सापडत नाही, आणि तरी एखादा निरपराध माणूस आत जातो. म्हणून हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मी सांगत असे, सापडलेली वस्तू मागाहून बघ, ती आधी जिथे होती ती जागा आधी बघ. आणि गावात गेलास की लोकांना सांग, वस्तू मोडली तर मोडली म्हणा, कुणी फासावर देत नाही. हे दुसरं सांगायचं काम पोलिसांचं नाही असं काही जण म्हणत. मला ते पहिल्याइतकंच आपलं काम वाटत आलं आहे.

गाडी सोडवायला ड्रायव्हर आला तेव्हा रेडिओची वायर तुटलेलीच होती. त्याने तक्रार केली नाही. ज्या शिपायाने ती तोडली होती त्यालाच त्याने गाडीखाली झोपवलं, तारेचं एक टोक हातात दिलं आणि सांगितलं, "घट्ट धर, हलू नको." काम संपेपर्यंत शिपाई हलला नाही. साहेब ओसरीतून बघत होते, त्यांनीही शिपायाला दुसऱ्या कामाला बोलावलं नाही.