बेचाळीस पुरचुंड्या

चिंचोक्याला चिकटलेली गुटख्याची थुंकी मी अंगठ्याच्या नखानं खरवडली, त्याला आता वर्ष होईल. तेव्हापासून नखं किती वेळा कापली असतील. तरी भाकरी मोडताना त्या अंगठ्याकडं लक्ष गेलं की घास बाजूला ठेवावा वाटतो.

मी लातूरच्या एका कॉलेजात, कॉम्प्युटर विभागात शिपाई आहे. बाईमाणसाला तोंडावर शिपाई म्हणत नाहीत, म्हणून सगळे मावशी म्हणतात. माझी शाळा सातवीत सुटली. माहेर इस्लापूर, नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला. नवऱ्याला इथल्या दाळ मिलमध्ये काम मिळालं म्हणून एवढ्या लांब आले. गावी जायचं तर नांदेडला उतरून गाडी बदला, अख्खा दिवस जातो, म्हणून जाणंच होत नाही. इथं माझं जे काही आहे ते ह्या नोकरीमुळं, आणि नोकरी मॅडममुळं. नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची असते. संपत आली की विभागप्रमुखांचा शेरा लागतो, आणि विभागप्रमुख मॅडमच. त्यांनी कधी अडवलं नाही. तरी दर साली त्या महिन्यात माझं पोट बिघडतंच.

मॅडम एम.एस्सी.च्या मुलांना संख्याशास्त्र आणि संभाव्यता शिकवतात. पहिल्या साली मी फळा पुसून दाराशी उभी राहायची. एकदा शिकवता शिकवता त्या थांबल्या. "मावशी, पाय दुखत नाहीत का? मागं खुर्ची रिकामी आहे की." तेव्हापासून मागची खुर्ची माझी झाली. फळ्यावरची सूत्रं मला कळत नाहीत, परातीत वाळत घातलेल्या शेवयांसारखी दिसतात. पण मॅडम बोलतात ते कळतं. एकदा म्हणाल्या, "शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात खालवर केलेला असेल तरच. वरचंच शीत दाबून बघाल तर खालचा करपलेला कळणार नाही." हे तर माझ्या आईलाही ठाऊक होतं. त्या दिवशी घरी जाताना उगीच ताठ चालत गेले.

मुलं मात्र टेबलाखाली मोबाईल बघून राहिलेली असायची. मागून मला सगळ्यांचे अंगठे दिसायचे.

मागच्या साली मॅडमनी विचारलं, "मावशी, तुमच्याकडं चिंचोक्यांनी खेळतात ना?"

"हाव मॅडम. मधून फोडायचे. आत पांढरं, भाईर तपकिरी. टाकले की पांढरे किती पडले ते मोजायचं आन् तेवढी घरं चालायचं."

"पांढरं आणि तपकिरी सारखंच पडतं का?"

"न्हाई मॅडम, कशाचं सारखं! एक अंग सपाट, एक फुगीर."

मॅडम इतक्या खूश झाल्या की मलाच लाजल्यासारखं झालं. म्हणाल्या, नाणं टाकायला लावलं की मुलं न टाकताच अर्धं-अर्धं लिहितात, उत्तर त्यांना आधीच ठाऊक असतं. चिंचोक्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नाही. ज्याला हवं त्यानं टाकावं, मोजावं.

वर्गात बेचाळीस मुलं. प्रत्येकाला फोडलेल्या चिंचोक्याच्या दहा फाकी द्यायच्या, वीस वेळा टाकायच्या, म्हणजे दोनशे नोंदी होतात. घरी पंधरा दिवस मी चिंचोके फोडत बसले. दगडावर उभा धरून ठोकायचा, बेतानं. जरा जोर जास्त झाला की चुरा. चुराच जास्त झाला. जुन्या धोतराच्या फडक्यात दहा-दहा फाकी बांधल्या आणि आई बियाण्याच्या पुरचुंडीला मारायची तशी लाल दोऱ्याची गाठ मारली. ती गाठ ओढली की जास्त आवळते. सोडायची तर दोऱ्याचा शेवट उलटा फिरवावा लागतो.

प्रॅक्टिकलच्या आठवड्यात मॅडमना पेपर तपासायला नांदेडला जावं लागलं, दोन दिवस. जाताना म्हणाल्या, "पुरचुंड्या वाटा. गाठ कशी सोडायची ते दाखवा. तुमच्यासमोर टाकू द्या, आणि रजिस्टरवर 'समक्ष' म्हणून सही करा. तुमच्यावर सोडून जाते."

मी वाटल्या. गाठ दाखवायला हात पुढं केला, कुणी बघेना. पुढच्या बाकावर एक उंच मुलगा बसायचा, सगळ्यांचा म्होरक्या. त्यानं पुरचुंडी नाकाला लावली. "मावशी, आम्ही मशीन लर्निंग शिकायला आलो, चिंचोके खेळायला न्हाई."

"बाबा, मॅडमनी सांगितलंय. वीसच वेळा टाकायचे."

"हे बघा, टाकले." त्यानं मोबाईलवर काहीतरी लिहिलं. लगेच आकड्यांची रांगच्या रांग खाली आली. तीच पुढं बाकी एकेचाळीस जणांना गेली, इकडंतिकडं एक-दोन आकडे बदलून. एक मुलगी म्हणाली, "मला थोडे कमी दे रे, सगळ्यांचे शंभरच कसे येतील?" सगळे खिदळले.

दोन-तीन पुरचुंड्या तेवढ्या दातानं दोरा तोडून सोडल्या होत्या. त्या टाकण्यासाठी नव्हे, एकमेकांना मारायला. एका मुलानं एक फाक तोंडात टाकली, चघळली, आणि गुटख्यासकट परत फडक्यात थुंकली. माझ्याकडं बघत. पोस्ट ग्रॅज्युएट मुलगा!

मग म्होरक्या रजिस्टर घेऊन आला. "सही करा मावशी."

"कुणी टाकलंच न्हाई तर सही कशाची करू?"

"लायब्ररीतला शिपाई कसा गेला, म्हाईत हाय ना? आम्ही एक अर्ज दिला होता." आवाज एकदम गोड होता. "तुम्ही आमच्या मावशी. तुमच्यावर अर्ज करायचं आमच्या जीवावर येईल."

मी सही केली. सातवीपर्यंत शिकले ते एवढ्यासाठीच की काय, असं वाटलं. आणि मुलं गेल्यावर मी काय केलं, तर ती थुंकीची फाक नखानं खरवडली, फडकं धुतलं, वाळवलं, सुटलेल्या पुरचुंड्या पुन्हा बांधल्या. मॅडमना दिसू नये म्हणून. त्यांची घाण मीच पुसली. त्या थुंकीपेक्षा मला माझीच किळस जास्त येते.

मॅडम आल्या. सगळी जर्नलं वाचली. मला बोलावून विचारलं, "सगळ्यांनी टाकले?"

"हाव मॅडम."

त्यांनी मान हलवली. तासाला त्यांनी प्रत्येकाचे दोनशेतले पांढरे फळ्यावर लिहून काढले. अठ्ठ्याण्णव, एकशे एक, शंभर, एकशे दोन, शंभर. बेचाळीस आकडे, आणि एकही शंभरापासून लांब नाही.

"नाण्याचं एक वेळ ठीक," मॅडम म्हणाल्या. "चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखा असतो का? कुणी हातात घेऊन तरी बघितला?"

"मॅडम, आले ते लिहिले," म्होरक्या म्हणाला.

"मावशी, पुरचुंड्यांचा डबा आणा बरं."

मी डबा आणला. मॅडमनी वरचीच पुरचुंडी घेतली आणि दोरा ओढला. आवळला. पुन्हा ओढला. "ही गाठ कशी सुटते हो?" त्यांनी सहज विचारलं. मी पुढं झाले, शेवट उलटा फिरवला, सुटली. त्यांनी दुसरी घेतली. तीही बांधलेली, तीच गाठ, मुलांना मारता न येणारी. तिसरी, चौथी, पाचवी. सहावीला मॅडमचा हात थांबला. त्यांनी मुलांकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं.

"कुणीच टाकले न्हाईत मॅडम," मी म्हणाले. "मी खोटं बोलले."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "गेली मावशी."

"जर्नलं परत न्या," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून माझ्यासमोर टाकायचे."

म्होरक्या जागचा उठलासुद्धा नाही. "मॅडम, प्रॅक्टिकल झालंय. रजिस्टरवर मावशीची सही हाय की."

ते सगळे वरच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी रजिस्टर उघडलं, सही बघितली, आणि सही आहे म्हणजे झालं, असं मॅडमना सांगितलं. मार्क द्यावे लागले. मॅडमनी लाल पेननं बेचाळीस जर्नलं तपासली, एकेका खोट्या आकड्यापुढं बरोबरची खूण केली. मी चहा नेऊन ठेवला. त्यावर साय धरली, तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. मुलं व्हरांड्यात सेल्फी काढून राहिली होती.

मला काही बोलल्या नाहीत. तेच वाईट होतं. खुर्ची मागं तशीच होती, पण मला बसवेना.

मग मी एक वही घेतली. दुपारच्या सुट्टीत सगळे डबा खायला गेले की लॅबच्या फरशीवर बसायची, एक पुरचुंडी सोडायची, वीस वेळा टाकायची, पांढरे मोजून लिहायचे, परत बांधायची. आठ दिवस लागले. फाकी हातात घेताना दर वेळी मळमळायचं, धुतलेल्या असूनही. पण आकडे बघितल्याशिवाय राहवेना. कुठं दहात दोन, कुठं सात, कुठं लागोपाठ तीनदा एकच. एक पुरचुंडी दुसरीसारखी नाही. सगळ्यांची मिळून बेरीज केली, तर तपकिरीच जास्त. लहानपणी आम्ही म्हणायचो तेच.

नवव्या दिवशी वही मॅडमच्या टेबलावर ठेवली. शेजारीच माझ्या ऑर्डरचा कागद होता.

"शेरा कालच दिलाय," त्या म्हणाल्या. "त्यासाठी हे आणलं असेल तर गरज नव्हती."

"त्यासाठी न्हाई मॅडम." मग वाटलं, आता तरी पुरतं खरं बोलावं. "त्याच्यासाठीबी होतं. पर तेवढ्यासाठी न्हाई."

त्यांनी पानं उलटली. सावकाश, एकेक ओळ बोट लावून. शेवटच्या पानावर थांबल्या.

"तुम्ही टाकताना समोर कोण होतं?"

काय सांगणार? माझ्या 'समक्ष'ची किंमत त्यांना कळून चुकली होती, आणि ती मीच ठरवली होती.

"कुणी न्हाई."

मॅडमनी वही मिटून बाजूला सरकवली. त्यांनी टेबलावरच्या फायली एका कडेला केल्या, कोरा कागद ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

"एक पुरचुंडी आणा," त्या म्हणाल्या. "बसा इथं. टाका, मी लिहिते."

मी शेवट उलटा फिरवला. गाठ सुटली. दोन्ही ओंजळीत फाकी हलवल्या आणि टाकल्या. एक घरंगळत टेबलाच्या कडेला गेली, ती मॅडमनी हातानं अडवली नाही, थांबेपर्यंत बघत राहिल्या.

"तीन," मी म्हणाले.

त्यांनी पुढं वाकून स्वतः मोजल्या, मग लिहिलं.

"टाका पुढं."