कोपऱ्यातलं बोट

सातही फ्रेम भिंतीवर चढल्या होत्या. मी खाली उभा राहून स्वतःवरच खूश होतो, तेवढ्यात केतकीची आई म्हणाली, “ह्यांचं बोट कुठे गेलं?”

बडोद्यात, निजामपुऱ्यात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. केतकी आर्ट कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली. घरातल्या जुन्या फोटोंवरून तिने ही चित्रं काढली होती आणि हे तिचं पहिलंच प्रदर्शन. कागदावरच्या चित्राला काच चिकटू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालतात, तिला माउंट म्हणतात. त्याची खिडकी केवढी कापायची ते फ्रेमवाला बघतो. इथेच माझी हुशारी नडली.

सातही चित्रांत उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गुलाबी-तपकिरी डाग होता. मला वाटलं, पोरगी भजी खात खात रंगवते. गिऱ्हाइकाची चूक बोलून दाखवायची नाही, गुपचूप झाकायची, हा आपला धंद्यातला बाणा. मी खिडकी दीड इंच लहान कापली. डाग गायब. फ्रेम परस्पर गॅलरीत पोचवल्या आणि बायकोला दोनदा सांगितलं, ह्या कामाला पारखी नजर लागते म्हणून.

“काका, तो डाग नव्हता,” केतकी म्हणाली. “बाबांचं बोट होतं.”

तिचे वडील नंदेसरीला कारखान्यात होते. घरातला कॅमेरा कायम त्यांच्याच हातात, आणि दर फोटोत त्यांचं बोट लेन्सपुढे यायचं. त्यामुळे सगळे फोटोत, हे एकटे बाहेर. मागच्या वर्षी ते गेले.

“आमच्या सगळ्यांबरोबर ते एवढेच आहेत,” आई म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गॅलरी सांभाळणाऱ्या हेतलबेन म्हणाल्या, “भाई, छ वाग्ये ओपनिंग छे. हवे शुं करशो?”

सहाला ओपनिंग, आता काय करणार? आणि तेव्हा वाजले होते अकरा. रिक्षाच्या दोन खेपा करून फ्रेम दुकानात आणल्या. त्या रंगाचा पुठ्ठा संपलेला. मग आहेत तेच माउंट वरून आणि उजवीकडून कापले. बोटं बाहेर आली, पण पुठ्ठा डावीकडे हातभर आणि उजवीकडे सुतळीएवढा. असलं वाकडं काम मी जन्मात कुणाला दिलं नव्हतं.

संध्याकाळी एका प्राध्यापकांनी बराच वेळ मान डोलावली. “ही असिमेट्री कुणाची कल्पना?”

“माझी,” मी म्हणालो. तसं खोटं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर केतकीची आई एकेका चित्रापुढे थांबली आणि काचेवर त्या कोपऱ्यात बोट टेकवत पुढे गेली. सात काचा, सात ठसे. माझा हात सवयीने फडक्याकडे गेला. पण एका दिवसात माणूस थोडं तरी शिकतो.

“वहिनी, पुसू का?”

“राहू द्या,” आई म्हणाली.

मी फडकं खिशात ठेवलं.