न गायलेली मिस्सा

गायला सुरुवात करण्याआधी पाद्रीबाबा शाहिरासारखा एक हात कानावर ठेवत. मग डोळे मिटून असा काही सूर लावत, की कान झाकायची पाळी आमच्यावर येई. वर पुन्हा विचारायचे, "काय मास्तर, जमलं न्हवं?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला गाण्याचं प्रेम उदंड आणि गळ्यात सुराचा पत्ता नाही. पण या माणसाने एक मोठं काम केलं. लढाईची वर्षं, धान्याची टंचाई, त्यात माणदेशात पाऊस नाही. तेव्हा सातारा, सांगली आणि कराड इथल्या तीन कॅथलिक पाद्र्यांचा गाण्याचा ताफा त्यांनीच उभा केला. पांढरे झगे घातलेले तिघे कोरेगावच्या बाजारात उभे राहत आणि ख्रिस्तजन्माची कथा जात्यावरच्या ओव्यांच्या चालीत गात. ऐकणारे पसा-दोन पसे जोंधळे पोत्यात टाकत, आणि ती पोती माणदेशात जात. पेटीवर मी असे.

पाद्रीबाबा मूळचे गोव्याकडचे, पण कराडात राहून बोली पक्की इथली झालेली. "म्हातारे, पसा भरून घाल गं, देव बघतूया!" म्हणत, आणि म्हातारी हसत हसत घालत असे.

मग सांगलीच्या नाट्यगृहात कार्यक्रम ठरला. जाणकार मंडळी येणार होती आणि माझी अब्रू पेटीवर होती. आदल्या दिवशी मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "फादर, उद्या तुम्ही नुसते ओठ हलवा."

ते म्हणाले, "बरं की. पोती भरली म्हंजी झालं."

पोती भरली. माझं कौतुक झालं, आणि मला ते आवडलं, हेही सांगून टाकतो.

महिन्याभराने त्यांच्या चर्चमधली पायपेटी दुरुस्त करायला मी रविवारी कराडला गेलो. मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची लॅटिनमधली उपासना, चालू होती. पाद्रीबाबा वेदीपुढे नुसते पुटपुटत होते. शेजारची एक म्हातारी हळूच म्हणाली, "आवं, आदी फादर समदी मिस्सा गाऊन म्हणायचं. त्यातलं काय बी कळत न्हवतं, पर लय ग्वाड वाटायचं. आता घसा बसलाय म्हनं."

घसा ठणठणीत होता. बाहेर मी त्यांना गाठलं.

"मास्तर, इतकी वरसं कुणी सांगितलंच न्हाई बगा," ते म्हणाले. "जे माणसांफुडं चालत न्हाई, ते देवाफुडं कसं ठिवू?"

'मी चुकलो, गा तुम्ही' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण आम्हा पेटीवाल्यांची जीभ! मी म्हणालो, "थोडा रियाज केला तर जमेल."

त्यांचा चेहरा उजळला. "शिकिवशिला?"

"दिवाळी झाली की येतो."

दिवाळी झाली. मग सांगलीत शिकवण्या मिळाल्या, पाठोपाठ लग्नसराई आली. कराड काही लांब नव्हतं. खरं सांगायचं तर त्या गळ्याला शिकवायचा मला कंटाळा होता. आज हे लिहितानाही लाज वाटते.

उन्हाळ्यात पाद्रीबाबा हिवतापाने गेल्याचं कळलं, तेव्हा मात्र गेलो. चर्चच्या पायरीवर तीच म्हातारी बसली होती. पेटी दुरुस्त करणारा, एवढीच तिला माझी ओळख. डोळे पुसत सांगू लागली, "नाताळाला समद्यांनी हात जोडलं, फादर, येकडाव तरी गावा. तर म्हणालं, मास्तर शिकवाय येणार हाईत, शिकलो की गाईन. रोज सांजच्याला वाटंकडं बघत बसायचं. कोण मास्तर हुता कुणास ठावं. तुमाला म्हाईत हाय का?"

मी "नाही" म्हणालो.