आधी रेडकू, मग खरवस

थोरली झाली तेव्हा आईने माझा चीक, म्हणजे पहिलं पिवळं दूध, तीन दिवस पिळून टाकायला लावला. तो बाळाला पचत नाही, असं आमच्या सफाळ्याकडे सगळ्या बायका म्हणत. तोवर बाळाला गुळाचं पाणी. मग अंगावरचं दूध काही नीट उतरलंच नाही, आणि बोईसरच्या खोलीवर परतले ती डब्याचं दूध आणि बाटली घेऊनच. वर्षभर पोरीला जुलाब. सलाईन झालं, अंगारे झाले, मी देवाला नको नको ते बोलले. पोर वाचली, पण तीन वर्षांची झाली तरी काडीच. स्वतःहून जेवायला म्हणून कधी मागायची नाही.

दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा मनात एकच धाकधूक होती, या बाळाचंही तसंच झालं तर? तरी धाकटी झाली, आईने वाटी पुढे केली आणि मी मुकाट्याने चीक पिळायला बसले. बोईसरला नळावर तावातावाने भांडणारी मी आईपुढे अगदी गरीब गाय.

नेमकी त्याच पहाटे आमची म्हैस व्याली होती. आईने गूळ-वेलची घालून खरवस केला. दुपारी उपकेंद्रातल्या नर्सबाई बाळाला बघायला आल्या, तेव्हा त्यांच्यापुढेही बशी आली. कोपऱ्यातली माझी वाटी त्यांनी पाहिली, पण विचारलं भलतंच.

"मावशी, सगळा चीक तुम्हीच काढून घेतलात? रेडकाला काय ठेवलं?"

आई उखडली. "अवो बाई, आदी त्याला पाजला, मंग काडला! चीक पोटात नाय गेला तर रेडकू जगंल कसा?"

बोलता बोलता आईच थांबली. तिची नजर माझ्या वाटीवर गेली.

नर्सबाई हळूच म्हणाल्या, "बाळाच्या पोटाला आईच्या दुधाने विरजण लागतं, मावशी. चांगले जंतू रुजले की वाईटांना शिरायला जागा उरत नाही."

"जंतू बी चांगले असतात?"

"मग तुमचं दही कशाने लागतं?"

आईने बाळ उचलून माझ्या मांडीवर दिलं. "पाज," एवढंच म्हणाली. धाकटी चुटूचुटू ओढू लागली आणि मला रडू आवरेना. चार दिवसांनी आई धाकटीच्या निरोगी शीने पिवळीधमक झालेली दुपटी शेजारणींना कौतुकाने दाखवत होती.

त्याच संध्याकाळी आई थोरलीला मांडीवर घेऊन ताकभात भरवत बसली. मध्येच म्हणाली, "हिचा मी फेकाया लावला."

तीन वर्षांचा राग माझ्या अगदी ओठांवर आला होता. आई वर न बघता थोरलीचं तोंड पदराने पुसत राहिली आणि मी म्हटलं, "फेकला मीच ना, आई."

आईच्या हातातला घास हातातच राहिला. थोरलीने तिच्या मनगटाला धरून हात आपल्या तोंडाकडे ओढला.

"आजून," ती म्हणाली.